ओलीची वही

मारिविक,
तुझ्या पाली जिवंत आहेत.
हे आधी लिहिते, कारण तू बाकीचं सोडून
तेवढंच शोधशील.

आमच्या भूमला पालीसाठी केरसुणी असायची.
इथे शारजात, अबू शगाऱ्याच्या अकराव्या मजल्यावर
मी पालींसाठी पीचच्या वासाची पूड
पिठल्याइतकी सैल कालवते,
आणि नवरा विचारतो, यातलं मला काही आहे का.

रात्री नऊला फवारा, पहाटे पाचला फवारा.
मधे काच सुकू द्यायची. तू बजावलं होतंस,
ओल हवी, चिखल नको.
ऐंशी, मग उतरत उतरत साठ.
काटा बघून मी वहीत लिहिते,
क्लिनिकात दाढांच्या वेळा लिहिते त्याच अक्षरात.

गंमत बघ, ऑगस्टात बाहेर ओलच ओल.
खिडकीची काच बाहेरून घामाघूम,
जसा समुद्रच अकरा मजले चढून आलाय.
आत एसी हवा पिळून ठेवतो,
माझ्या टाचांना भेगा,
आणि मी विकतच्या पाण्यानं
एका पेटीत दव पाडत बसते.
खिडकी उघडली तर ओल फुकट येईल,
पण बेचाळीस अंशांच्या पाठीवर बसून.

बोयेतची शेपटी गेली.
घर बदलताना, लिफ्टच्या धक्क्यानं.
तळहाताएवढ्या जागेत ती एकटीच वळवळत राहिली.
घरातल्या पालीची येते, म्हणून मी वाट पाहिली
तीन महिने.
मग कळलं, यांची येत नाही.
तू सांगितलं नव्हतंस.
माहीत असून, की विसरलीस?

जूनमध्ये कलामान्सीनं शेवाळात दोन अंडी पुरली.
जशी होती तशीच उचलायची, उलटी नाही करायची,
वरची बाजू कळावी म्हणून पेन्सिलीचा ठिपका.
मी ठिपका दिला
आणि हात थबकला.
तान्ह्याला तीट लावतात तशी दिसत होती दोघंही.

बासष्टाव्या दिवशी, रात्री दीडला, वीज गेली.
सगळी इमारत जिन्यात उतरली, लेकरं, आजोबा,
एकजण पक्ष्याचा पिंजरा घेऊन.
मी ताकाच्या डब्यात अंडी,
नवऱ्याच्या हातात दोन कापडी पिशव्या,
पिशव्यांत तुझी जोडी.
गाडीत एसी लावून बसलो.
डबा मांडीवर. चोवीस. पंचवीस. चोवीस.
पेट्रोलचा काटा उतरायला लागला
तेव्हा तो पहिल्यांदाच म्हणाला,
या दोघांचं झाल्यावर काय करायचं आपण?
मी म्हटलं, पुसू नकोस, झाकणावरचं पाणी पुसू नकोस.
साडेचारला अजान झाली.
वीज त्यानंतर आली.

एक अंडं आतल्या आत बसलं, पिवळं पडलं.
दुसऱ्यातून सत्त्याहत्तराव्या दिवशी
डोकं आलं, आणि बराच वेळ
फक्त डोकंच.
पापण्या नाहीत, म्हणून तिनं जीभ काढून डोळा पुसला
आणि माझ्याकडे बघितलं,
किंवा माझ्या मागच्या दिव्याकडे.

नाव अजून ठेवलेलं नाही.
इलोइलोत तुमच्या दारातच ओल असेल,
तिथे कशाला कुणी काटा बघेल.
तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?

काल भूमला फोन केला.
सासूबाई म्हणाल्या, कधी येताय कायमचे.
मी म्हटलं, पुढच्या वर्षी, अगदी नक्की.
मागे काचेच्या पेटीत
कलामान्सी चुकचुकली.
सासूबाईंनी विचारलं,
घरात पाल आहे का गं?
मी म्हटलं,
तीन आहेत.